जप्त झालेली बस आणि फळ्यावरची दरी

सांगलीला परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय शैलाताई, अमेरिकेत काय पाहिलंत?" मी म्हणते, जप्ती पाहिली. माणसं हसतात. त्यांना वाटतं, ही बाई नेहमीसारखी तिरकं बोलतेय. पण खरंच सांगते, धुक्यात बुडालेला पूल पाहिला, आकाशाला टेकलेली झाडं पाहिली, आणि लास व्हेगासला हॉटेलच्या दारातून आमची सहलीची अख्खी बस बँकेने उचलून नेली, तेही पाहिलं. फोटो पुष्कळ आहेत, कुणीही घरी यावं आणि चहाबरोबर बघावेत. फक्त जप्तीचा फोटो नाही, म्हणून ती लिहून काढतेय.

शुगर लँड

आमचा मिलिंद टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहतो, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर आहे. गावाच्या नावात साखर, त्यामुळे आमचे हे भलतेच खूश. सांगलीचा माणूस, गाडीतून उतरल्या उतरल्या कारखान्याची चिमणी शोधायला लागले. कारखाना होता म्हणे, आता बंद झालाय. तेवढ्यावरून यांचं दोन दिवस तोंड उतरलेलं.

दोन हजार आठचा उन्हाळा होता. बाहेर पाऊल टाकलं की अंगाला चिकट वाफ लागायची, कोकणातल्या मे महिन्यासारखी, फक्त आंबे नाहीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दूध आणायचं तरी मिलिंद ड्राइव्ह करणार, आणि तो उजाडायच्या आत ऑफिसला जाणार. नात सई पाच वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. "सई, अंगणात जाऊया का गं?" "आजी, इट्स टू हॉट." झालं संभाषण.

पंधरवड्यातच मिलिंदच्या लक्षात आलं, की आईने घरातली सगळी कपाटं लावून झाली आहेत आणि आता ती बायकोच्या मसाल्यांच्या डब्यांकडे वळणार. एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "आई, तुमची टूर बुक केलीय. सॅन फ्रान्सिस्कोपासून ग्रँड कॅनियनपर्यंत. आपले मराठी लोक चालवतात, जेवण पण आपलं. बाकी सगळे पण आई-वडीलच आहेत, मुलांनी पाठवलेले." म्हटलं, म्हणजे आमचं पार्सल केलंस म्हण की. सून स्वयंपाकघरात खुदकन हसली, तिच्यावर माझा राग नाही.

सॅन फ्रान्सिस्को

विमानतळावर आम्हाला घ्यायला मेधा आली होती. ही टूरच्या मालकाची, अविनाशची बायको. दोघंही मूळचे इचलकरंजीचे, लॉस एंजेलिसकडे वीस-एक वर्षं राहिलेले. अविनाश ऑफिस आणि फोन सांभाळायचा, मेधा बसबरोबर हिंडायची. माणसं मोजणं, रस्ता सांगणं आणि रांधणं या सगळ्याला ती एकटीच. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

ऐन उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला स्वेटर लागतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. समुद्रावरून असा वारा सुटलेला की यांनी माझी शाल डोक्याला गुंडाळली. तो जगप्रसिद्ध पूल बघायला गेलो तर धुक्यात त्याचे नुसते दोन खुंट दिसत होते. सगळे हिरमुसले. मेधा म्हणाली, "मंडळी, पूल कुठे जात नाही, आधी खाऊन घेऊ." बसच्या मागच्या कप्प्यातून स्टीलचे डबे निघाले. थालीपीठ, लोण्याची वाटी, वर कांद्याची चटणी. आम्ही वाऱ्याकडे पाठ करून उभ्याउभ्या खाल्लं. हात पुसून मागे वळतोय तो धुकं वर सरकलेलं आणि तांबडा पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे म्हणाले, वाऱ्यानं. म्हणोत बापडे.

माझ्या शेजारी एक बाई खात उभ्या होत्या. सुती साडी, पायात पांढरे बूट, साठीच्या पुढच्या. मी नाव विचारलं. "इंदू गजभिये. भंडाऱ्याकडची आहे जी. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची." त्यांची मुलगी प्रज्ञा मॅसॅच्युसेट्समध्ये पीएचडी करत होती, श्रूजबरीला तिघी मैत्रिणी मिळून भाड्याने राहत होत्या. मुलीच्या स्टायपेंडमधून टूर घ्यायची नाही, असं इंदूताईंनी ठरवलेलं. स्वतःची पेन्शन साठवून, डॉलरमध्ये बदलून आणून, स्वतः पैसे भरले होते. सगळ्या बसमध्ये मुलांनी न पाठवलेली अशी ती एकटीच बाई होती. तेव्हाच मला त्या आवडल्या.

योसेमिटी

दुसऱ्या दिवशी डोंगरांत शिरलो. योसेमिटीला फाटकावरच सांगितलं, खायचं काही गाडीत ठेवायचं नाही, अस्वलं दार फोडतात. वाहनतळावर लोखंडी पेट्या होत्या, त्यात सामान ठेवून कडी लावायची. मग काय, गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी, सगळं पेटीबंद. बंदोबस्ताला एक आजीबाई होत्या, टोपी घातलेल्या, पांढऱ्या केसांच्या, सत्तरीच्या तरी असतील. पगार नाही, आवड म्हणून येतात. मेधाच्या डब्याचा वास घेऊन त्या म्हणाल्या, अस्वलाला हे फार आवडेल. इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या की आम्हाला हसावं की घाबरावं कळेना. पण मला कौतुक वाटलं. एवढं मोठं जंगल, एवढी माणसं, आणि कुठे कागदाचा कपटा नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला एकेका पॉइंटवर काय असतं, ते मी सांगायला नको.

इंदूताई कड्याकडे बघत बसल्या होत्या. मी विचारलं, "एवढं काय बघताय?" तर म्हणाल्या, "हा ग्रॅनाइट आहे. छान आहे. पण माझं मन पुढे आहे, शैलाताई. मला कॅनियन पाहायचं आहे."

मग त्यांनी सांगितलं. पुस्तकात त्या दरीचा एकच फोटो होता, काळापांढरा, बोटाएवढा. त्यावरून मुलांना काय कळणार. म्हणून त्या रंगीत खडूंनी फळ्यावर दरी काढायच्या. खडूही चारच रंगांचे. वरचा थर गुलाबी, मग पिवळा, मग पांढरा, मग हिरवा, आणि खाली बारीकशी नदी. पोरं विचारायची, बाई, एवढा खड्डा कोणी खणला? इंदूताई सांगायच्या, नदीनं. पोरांचा विश्वास बसायचा नाही. "आमची वैनगंगा काही खणत नाही जी, गाळच आणते. पोरं म्हणत, बाई फेकते. सगळी नोकरी त्या दरीवर काढली, पण स्वतः कधी पाहिली नाही. मला एवढंच बघायचं आहे, की मी जे काढत होती ते बरोबर होतं की नाही."

मी म्हटलं, बघाल की, आता परवाच तर जायचंय. मला काय ठाऊक.

बेकर्सफील्ड

इथे बघण्यासारखं काही नव्हतं, मुक्कामापुरतं गाव. पण इथे आम्ही अग्निशामक दल बोलावलं. म्हणजे बोलावलं नाही, ते आलं. सकाळी मेधा खोलीत विजेच्या शेगडीवर फोडणी करत होती. मोहरी जरा जास्त तडतडली, आणि छतावरची भोंग्याची डबी अशी किंचाळायला लागली की सगळं हॉटेल रिकामं झालं. गोरी माणसं, काळी माणसं, पोरं, कुत्री, सगळी पार्किंगमध्ये उभी, आणि त्यांच्यामध्ये झारा घेतलेली मेधा.

लाल गाडीतून धिप्पाड बाप्ये उतरले. मला वाटलं, आता दंड आणि बोलणी. एकजण आत जाऊन आला आणि मेधाला म्हणाला, "मॅडम, आग नाही, पण नाश्ता तयार आहे." मेधाने त्याला पोहे दिले. त्याने खाल्ले, आणि पुढच्या वेळी खिडकी उघडत जा म्हणून सांगून गेला. त्या हॉटेलात खिडकी उघडतच नव्हती, पण एवढ्या चांगल्या माणसाला ते कोण सांगणार.

आमच्या बसमध्ये बोरिवलीचे सबनीस काका होते. मुलगा जर्सी सिटीत उंच इमारतीत राहतो आणि मॅनहॅटनला बँकेत जातो, हे बसमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. काका बस सुटताना जयघोष करायचे, पोचल्यावर आभाराचं भाषण करायचे. त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की मेधा आता आपल्या सगळ्यांची मुलगी आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. वाजवण्यासारखंच होतं, दोन-तीन दिवसांत त्या पोरीने आमचे गुडघे, गोळ्या, आवडीनिवडी सगळं लक्षात ठेवलं होतं.

लास व्हेगास

व्हेगासबद्दल लोक काहीबाही बोलतात. मला ते गाव एखाद्या न संपणाऱ्या लग्नाच्या मांडवासारखं वाटलं. दिवेच दिवे, आणि कुणाचं लग्न ते कळत नाही. यांनी एका यंत्रात एक नाणं घातलं, खळखळ करून मूठभर परत आली. लगेच खिशात घालून बाजूला झाले. त्यानंतर जन्मात कधी जुगार खेळणार नाही म्हणाले, कारण आता ते जिंकलेले आहेत.

सकाळी कॅनियनला निघायचं म्हणून बॅगा ओढत दारात आलो. बसच्या जागी नुसतं ऊन पडलेलं. ड्रायव्हर लुईस टोपी हातात घेऊन खांबाला टेकून उभा. आम्हाला वाटलं, डिझेल भरायला कुणी नेली असेल.

आत लॉबीत मात्र एक गंमत दिसली. भिंतीशी ओळीने सामान मांडलेलं. सबनीस काकांची मानेची उशी, काकूंचा अर्धवट विणलेला स्वेटर, माझी छत्री, यांच्या सपाता, मेधाचा कुकर, पिठाचे डबे. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर सीटचा नंबर. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, बँकेची माणसं बस न्यायला आली होती, त्यांनी बसमधलं सगळं उतरवून हे असं ठेवलं, आणि कुणाचं काही हरवू नये म्हणून नंबर घातले. मी आमच्या गल्लीत जप्ती पाहिलेली आहे. भांडी रस्त्यावर फेकलेली, बाई दारात बसलेली, आणि बघ्यांची गर्दी. इथे जप्तीवाल्याने माझी छत्रीसुद्धा नीट घडी घालून ठेवलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय शहाणी माणसं आहेत." हे म्हणाले, "शैला, बस गेलीय."

मेधा फोन बंद करून आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. अविनाशने कर्ज काढून दोन बस घेतल्या होत्या. सहली विकल्या हिवाळ्यात ठरवलेल्या भावाने, आणि उन्हाळ्यात डिझेल असं भडकलं की हप्ते थकले. बँकेने त्याच रात्री दोन्ही गाड्या ताब्यात घेतल्या. ऑफिसला कुलूप. "कंपनी संपली," ती म्हणाली. "सॉरी काका, सॉरी काकू. तुमचे पुढचे दिवस..." आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली.

आता काय सांगू. आम्ही सगळ्या बायका तिच्याभोवती. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात फिरवला. सबनीस काका उठून उभे राहिले, घसा साफ केला. "मेधा, पोरी, डोळे पूस. आम्ही तुझ्या हातचं खाल्लंय. आमच्यापैकी कुणीही एक पैसा मागणार नाही. तक्रार नाही, काही नाही. अविनाशला फोन करून सांग. हो की नाही मंडळी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या यांनी तर दोनदा डोलावली. मीही डोलावली. रडणाऱ्या मुलीसमोर, जिच्या हातची थालीपिठं पोटात आहेत तिच्यासमोर, कोण म्हणणार की माझे पैसे द्या? मला खरं तर आमच्या लोकांचा अभिमान वाटला.

मग माझं लक्ष इंदूताईंकडे गेलं. त्यांनीही मान हलवली होती, सगळ्यांत शेवटी. आणि हातातला कागदी रुमाल त्या घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घडी घालत होत्या.

पुढे जो तो फोनवर. मुलं क्रेडिट कार्डावर तिकिटं काढू लागली. मिलिंद म्हणाला, "आई, कॅनियन नेक्स्ट टाइम करू. मी तुमचं संध्याकाळचं फ्लाइट बघतो." सबनीसांच्या मुलाने तर बसल्या जागी दोन तिकिटं पाठवली. इंदूताईंचा फोन पिशवीतच.

मी जवळ जाऊन बसले. "प्रज्ञाला फोन केलात?"

"नाही जी. ती लगेच तिकीट काढेल. कुठून काढेल ते मला माहीत आहे ना. मी इथंच बसते, माझं प्रज्ञाकडे परतीचं विमान लॉस एंजेलिसहून आहेच, तिथवर बसनं जाईन. पुढच्या आठवड्यात तिथून नागपूर." मग म्हणाल्या, "या मेधा पोरीचं सगळं गेलं आहे आणि आपण दरीचं काय घेऊन बसायचं."

माझं डोकंच फिरलं. आम्ही माफ केलं, ते कुणाच्या जिवावर? आमचं नेक्स्ट टाइम आहे, या बाईचं नाही. यांना बाजूला घेऊन म्हटलं, "दोनदा कशाला डोलावलीत मान?" हे म्हणाले, "एकदा पुरली असती का?" असल्या माणसाशी काय बोलायचं.

आणि खरं सांगायचं तर मला आमच्या गल्लीतले बापू आठवले. त्यांची यात्रा कंपनी होती. काशीचे पैसे गल्लीतल्या सगळ्यांनी भरले होते, माझ्या सासूबाईंनीही. वळकटी बांधून तयार होत्या, नवा तांब्या घेतला होता. बापूंनी आमच्या पैशांतून आधीच्या यात्रेची देणी भागवली आणि कंपनी बुडाली. तेव्हाही सगळे म्हणाले, जाऊ दे, आपलाच माणूस आहे. कुणी एक शब्द बोललं नाही. बापूंना शब्द नाही की बापूंशीही शब्द नाही. तेव्हापासून बापू मागच्या बोळाने घरी जातात आणि त्यांची बायको हळदीकुंकवाला येत नाही. सासूबाई काशी न बघता गेल्या. तांब्या अजून माळ्यावर आहे.

दुपारी अविनाश आला. लॉस एंजेलिसहून गाडी हाकत थेट. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मेधाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आमच्याकडे वळला. सबनीस काका पुढे होऊन त्याला मिठी मारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "काका, तुम्ही काय म्हणालात ते मेधाने सांगितलं. थँक यू. पण मी ते ॲक्सेप्ट नाही करू शकत."

काका गोंधळले. "अरे, आपल्यात कसला हिशेब?"

"आपल्यात आहे म्हणूनच सांगतो. तुम्ही माझे पैसे माफ करताय. पण ते माझे नाहीतच." मग त्याने सगळ्यांना बसवून समजावलं. कॅलिफोर्नियात सहली विकणाऱ्याला कायदाच आहे. प्रवाशांनी भरलेले पैसे वेगळ्या ट्रस्ट अकाउंटमध्ये ठेवायचे. त्यातून फक्त प्रवाशांच्या हॉटेलला, गाडीला द्यायचे, नाहीतर प्रवाशाला परत करायचे. जो दिवस अजून झाला नाही, त्याचे पैसे मालकाचे नव्हेत. त्यातून घरभाडं नाही, पगार नाही, बसचा हप्तापण नाही. "बँक माझ्या बस नेऊ शकते, उद्या घर नेईल. त्या अकाउंटला ती हात लावू शकत नाही. मीही नाही लावला." इथे तो मेधाकडे वळला. "हप्ते थकले तेव्हा रोज दिसत होते तिथे पडलेले. नाही लावला."

मेधाने मान वर केली. तिला हे ठाऊकच नव्हतं. ती रस्ता आणि रांधणं बघायची, पैशांचं तो. तिला वाटलं होतं, सगळंच बुडालं.

"तुमच्यापुढे दोन चॉइस आहेत," अविनाश म्हणाला. "ज्यांना घरी जायचंय त्यांना उरलेल्या दिवसांचा रिफंड. ज्यांना कॅनियन बघायचंय त्यांच्यासाठी इथल्याच एका कंपनीची बस मी बघून ठेवलीय, पुढचं हॉटेल बुक आहेच. तुमच्याच पैशांनी. पण प्लीज, माफ करू नका. तुम्ही माफ केलंत तर माझ्याकडे राहिलेली एकच गोष्ट जाईल."

मग इंदूताईंनी विचारलं, वर्गात विचारावं तसं, "यात तुमच्या खिशातलं काही जात नाही ना?"

"ताई, माझ्या खिशात काही उरलंच नाहीये," अविनाश म्हणाला. पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मेधाच हसली.

"मग मी जाते दरी पाहायला," इंदूताई म्हणाल्या, आणि तो कागदी रुमाल त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मी तिथल्या तिथे मिलिंदला फोन करून फ्लाइट कॅन्सल करायला लावलं. तो म्हणाला, "आई, यार, आत्ताच बुक केलं." म्हटलं, मग आत्ताच सोड. सबनीस काकांचं तिकीट रद्द होणारं नव्हतं. ते जाताना अविनाशच्या पाठीवर थाप मारून गेले. भाषण केलं नाही. त्यांचा चेहरा मात्र थोडा पडला होता. ऐटीत केलेली माफी अशी परत आली की माणसाला जड जातं.

मला अमेरिकेतलं काय आवडलं असं कुणी विचारलं, तर मी त्या खात्याचं नाव घेते. लोकांना वाटतं मी थट्टा करते. पण विचार करा, आपल्याकडे आपण माणूस बघतो. कुणाचा कोण, कुठल्या गावचा, बोलायला कसा. माणूस चांगलाच असतो हो. बापूही चांगलेच होते. चांगला माणूस अडचणीत आला की त्याच्या हाताशी लोकांचे पैसे असू नयेत, एवढी साधी गोष्ट या लोकांनी कायद्यात लिहून ठेवली आणि त्याला चांगलं राहणं सोपं केलं.

ग्रँड कॅनियन

नवी बस संध्याकाळी आम्हाला कॅनियनच्या अलीकडच्या एका लहानशा गावात घेऊन गेली. उंचावरचं गाव, पाइनची झाडं, थंडी. अविनाश बरोबर होता. पण बसमध्ये सगळ्यांत मागच्या सीटवर बसला, जेवायला आमच्यात आला नाही. मेधा त्याचं ताट घेऊन गेली. दुपारी ताठ मानेने बोलला खरा, पण बोलून झाल्यावर त्याचा धीर संपला असावा. लोकांच्या नजरेला नजर देईना. मला ती चाल ओळखीची होती, मागच्या बोळाने जाणाऱ्या माणसाची.

सकाळी लवकर दरीवर गेलो. वाहनतळापासून झाडीतून पायवाट. इंदूताई पुढे, झपझप, पांढरे बूट. ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या, रोज सकाळी म्हणायचं त्रिशरण असावं. झाडं संपली आणि जमीनच संपली.

मी वर्णन करणार नाही, कारण मला जमणार नाही. एवढंच सांगते, की मी आजवर खाली बघून घाबरले होते, पण तिथे समोर बघून घाबरले. पलीकडचा काठ इतका लांब की तिथली झाडं शेवाळासारखी. मध्ये नुसते डोंगर, पण आपल्या पायाखाली. आमच्या यांची बोलती बंद झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ते कधी जमलं नाही, ते श्रेय मी त्या दरीलाच देते.

इंदूताई कठड्याला धरून उभ्या होत्या. बराच वेळ. मी जवळ गेले तर गालांवरून पाणी ओघळतंय आणि पुसायचंही भान नाही. "काय हो, बरोबर काढत होतात ना?" मी हळूच विचारलं.

"वरचा चुकला," त्या म्हणाल्या. "वर फिकट पांढरा आहे. मी गुलाबी काढायची. लाल त्याच्या खाली आहे, बघा ना केवढा. हिरवट तिथं, तो सपाट भाग दिसतो ना? तो बरोबर." मग त्यांनी खाली बोट दाखवलं, जिथे नदी तारेएवढी चमकत होती. "आणि सगळ्यात खाली काळा आहे, शैलाताई. काळा खडू नव्हता आमच्याकडे. मी तिथं काहीच काढत नव्हती, फळा तसाच सोडायची." आणि त्या हसायला लागल्या, रडता रडता. "म्हणजे तो बरोबरच होता. इतकी वर्षं."

आमची बाकीची मंडळी जवळ आली. काय सांगताय, आम्हालाही सांगा म्हणाली. इंदूताईंनी डोळे पुसले, पदर खोचला, दरीकडे पाठ केली आणि हात वर करून शिकवायला सुरुवात केली. आवाज असा की भंडाऱ्याच्या शाळेत मागच्या बाकापर्यंत जात असला पाहिजे. दोन गोरी माणसंही थांबली, कळत नसताना. थर कसे साचले, समुद्र इथे होता तो कसा मागे गेला, नदी कशी कापत राहिली. आम्ही म्हातारी माणसं अर्धवर्तुळ करून उभी, आणि मेधा आमच्यात.

अविनाश लांब होता. पायवाट संपते तिथे, झाडाशी, खिशात हात घालून, बसकडे परत जावं की काय अशा बेताने. आमच्यापैकी कुणी त्याला हाक मारली नाही. काय हाक मारायची, तेच कळत नव्हतं.

इंदूताई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी आमच्या डोक्यांवरून मागे पाहिलं. मास्तरणीच्या नजरेने.

"मागचे," त्या म्हणाल्या, "पुढे या. तिथून दिसत नाही."

अविनाशने आजूबाजूला पाहिलं. मग खिशातून हात काढले आणि आला. आम्ही दोन्हीकडे सरकून त्याला मध्ये जागा केली.

"हं," इंदूताई म्हणाल्या, "तर हा सगळ्यात वरचा थर."